कसारा लोकल: रविवारी सॅक घेऊन परतणाऱ्यांनी वाचाच

"रविवारी संध्याकाळी कसाऱ्याहून आरामात बसून याल" असं आमच्यातल्याच एका जुन्या ट्रेकरने छातीठोकपणे सांगितलेलं. बसायला मिळतं हो, कसाऱ्याला गाडी रिकामीच असते, वांधा उतरताना आहे.

जातानाचं विशेष काही नाही. सीएसएमटीहून सकाळची गाडी, इंडिकेटरवर एन बघायचं (एस म्हणजे कर्जत, कल्याणनंतर दोन्हींचे रस्ते वेगळे), साधारण १२० किमी, अडीच तास, तिकीट दोन वडापावच्या पैशात. लोकलमधे संडास नसतो, त्या हिशोबाने चहा प्या. कसाऱ्याला बाहेर पडलं की जीपवाले पाठीवरची सॅक बघून रेट लावतात. आम्हाला एकजण म्हणाला शेअरिंग बंद, पूर्ण गाडीच घ्यावी लागेल, आणि थोड्या वेळाने त्याच गाडीत गावची माणसं सीटप्रमाणे बसून घोटीला गेली! घाई करू नका, ती माणसं बसतील तिथे बसा.

ट्रेक भारी झाला.

आता परतीचं. दुपारी माटुंगा-मुलुंड फास्ट लाईनवर मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी लाईन बंद) असला की फास्ट गाड्या स्लो ट्रॅकवर वळवतात, ब्लॉक संपला तरी टाइमटेबल लंगडतच राहतं. त्यात कल्याणपर्यंत मेल-एक्सप्रेसही आपल्याच लाईनवरून जातात, त्यांना पुढे काढायला आमची गाडी आसनगावला ताटकळली. टिटवाळ्याला गणपतीहून परतणारे चढले, कल्याणला डबा भरला आणि डोंबिवलीला तो भरलेला डबा परत भरला. "ठाणा उतरणार का, ठाणा?" करत पुढे सरकायचं तर सॅक दोघांच्या मधे अडकलेली, वरून "ओ ट्रेकर, घर उचलून आणलंय का" हे ऐकायचं, आणि ठाण्याला आम्ही दोघे उतरलो, तिसरा थेट घाटकोपरला. खांद्याचा पट्टा तुटला तो वेगळाच.

त्यामुळे सरळ सांगतो, सॅक असेल तर या गाडीने ठाण्याला उतरायच्या भानगडीत पडूच नका. कल्याणला उतरा आणि तिथूनच सुटणारी स्लो पकडा. कल्याणला उतरायलासुद्धा टिटवाळा गेलं की उठायचं, सॅक पाठीवरून काढून पुढे धरायची, प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येतो ते शेजारच्याला विचारायचं. लगेजच्या डब्यात चढा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, तो मालवाल्यांचा डबा आहे, टीसी दंड लावतो. स्लोने वेळ जास्त जातो, जाऊ दे.