घाट, होडी आणि मळमळ: पुण्याहून मालवणला जाणाऱ्यांसाठी

पुण्याहून मालवणला जाताना आम्ही कोल्हापूर-गगनबावड्याचा रस्ता घेतला. करूळ घाटात मागे बसून मोबाईल पाहणाऱ्या माझ्या भाचीला गाडी लागली. गाडी चालवणाऱ्या तिच्या वडिलांना मात्र काहीच झाले नाही. चालकाला पुढचे वळण आधीच दिसत असल्याने त्याचे शरीर तयारीत असते. याउलट, आतल्या कानातील तोल सांभाळणारी इंद्रिये हालचालीची वर्दी देत असताना डोळे स्थिर पडद्यावर खिळलेले असले, की मेंदूकडे जाणाऱ्या निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. बोट लागते तीही याच कारणाने. म्हणून घाटात ज्याला त्रास झाला असेल त्याला त्याच दिवशी समुद्रात नेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आम्ही मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळीच होडी घेतली, कारण दुपारी खारे वारे जोर धरतात. सिंधुदुर्ग किल्ल्याची फेरी अगदी थोड्या वेळाची असते. देवबागेहून डॉल्फिन पाहायला जाताना मात्र कर्ली नदीच्या मुखापाशी लाटा वाढतात, आणि खरी कसोटी लागते ती इंजिन बंद करून होडी थांबवल्यावर, कारण काही सेकंदांनी एक असा येणारा संथ हेलकावाच सर्वाधिक त्रासदायक असतो. अशा वेळी होडीच्या मध्यभागी बसावे, मोबाईल खिशात ठेवावा आणि नजर क्षितिजावर किंवा किनाऱ्यावर स्थिर करावी. भाचीने एवढे कटाक्षाने पाळले आणि तिची फेरी सुखाची झाली.

प्रोमेथाझिन किंवा सिनारिझिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारूनच आणि निघण्यापूर्वी पुरेसा वेळ आधी घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. प्रोमेथाझिन 2 वर्षांखालील मुलांना देऊ नये, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी तर अशी गोळी परस्पर घेऊच नये. या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे चालकाने त्या टाळाव्यात आणि स्कूबा करणाऱ्याने प्रशिक्षकाला आधी कल्पना द्यावी. आलेपाकाने काहींना आराम पडतो, पण सर्वांनाच पडेल असे नाही. पोट रिकामे नसावे आणि तुडुंबही नसावे. माशांचे जेवण परतल्यावरच घ्यावे. किनाऱ्यावर उतरल्यावरही काही काळ जमीन डुलल्यासारखी वाटते, तेव्हा ते पूर्ण थांबेपर्यंत परतीच्या प्रवासासाठी गाडी हाती घेऊ नये.