तुम्ही विचारलंत म्हणून: पद्मिनीचं हेड घरी उघडावं का?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी पद्मिनी दिसली की लोक थांबतात, बॉनेटवर हात फिरवतात आणि मग ठरलेला प्रश्न येतो: इंजिनाचं हेड म्हणे तुम्हीच उतरवलंत? कधी पाना न धरलेल्या माणसाला जमेल का?

जमेल. हेड म्हणजे सिलिंडरांवर बसणारं इंजिनाचं झाकण, व्हॉल्व्ह त्यातच असतात. मात्र त्याचं निम्मं काम घरी करायचंच नसतं. ते निम्मं कोणतं, हे ओळखता आलं की बाकीचं अंगवळणी पडतं.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी म्हणजे मुळातली इटालियन फियाट 1100. 1089 सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) खाली ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडात बसलेला, म्हणून हेड काढताना टायमिंग चेनच्या (तो फिरवणाऱ्या साखळीच्या) वाटेला जावं लागत नाही. नवशिक्याला याहून सोपं हेड कुठे मिळणार? मात्र ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर दोन्ही सारखे प्रसरण पावत नाहीत. मे महिन्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उकळली, की हेड वाकायला तेवढं पुरतं.

पाना उचलण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम पडलेला असेल, तर बहुधा त्यांच्यामधलं गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधला गळती रोखणारा थर) गेलंय. एकाच सिलिंडरचा कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. जागचा हलला नाही तर संशय व्हॉल्व्हवर. रिंगाच गेल्या असतील तर नुसतं हेड करून पैसे वाया. ही तपासणी टाळून थेट हेड उघडणारे मेकॅनिक मी पाहिलेत, आणि त्यांच्याकडे गाडी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हेड उतरवायचं ते इंजिन पूर्ण गार असताना. नट बाहेरच्या बाजूने आत येत, थोडे थोडे सैल करायचे. अॅल्युमिनियम स्टडांना गंजाने धरून ठेवतं. गंज सोडवणारं तेल आदल्या दिवशीच मारून ठेवा. हेड हलत नाही म्हणून फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, सपाटीवर ओरखडा पडला की नवं गॅस्केटही गळणार. पुश रॉड (कॅमशाफ्टची हालचाल वर पोचवणाऱ्या काड्या) आणि व्हॉल्व्ह काढाल तसे पुठ्ठ्याला भोकं पाडून, नंबर घालून खोचा. प्रत्येक व्हॉल्व्ह आपापल्या गाईडमध्येच (त्याची दांडी ज्यात सरकते त्या नळीत) घासला गेलेला असतो, अदलाबदल चालत नाही.

मग मोजमाप. धुतलेल्या हेडवर स्टीलची सरळ पट्टी लांबीत आणि दोन्ही कर्णांवर उभी धरून खालून फिलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पाती) सरकवून बघा. 0.05 मिलीमीटरचं पातं अडलं तर छान. 0.10 चं आरामात गेलं तर हेड निघालं ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत. तिथल्या मशीन शॉपमध्ये ‘‘ताई, सगळंच मारून देतो’’ असं ऐकायला मिळतं. नको म्हणा. फेसिंग, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं, हवं तेवढंच, कारण जितका धातू जाईल तितकं कॉम्प्रेशन वाढतं आणि पुढच्या वेळेला उरतं कमी. गाईड बदलणं आणि सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कड, कापणंही त्यांचंच काम. व्हॉल्व्ह गाईडमध्ये जाणवण्याइतका डुगडुगत असेल, किंवा उतारावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर येत असेल, तर गाईड आणि ऑइल सील बघायला सांगा.

‘शिसं नसलेल्या पेट्रोलने सीट खाल्ली जाते’ हेही हमखास ऐकू येतं. देशभर शिसं असलेलं पेट्रोल 2000 साली बंद झालं, तेव्हापासूनची ही भीती. ज्या जुन्या इंजिनांत सीट थेट बिडाच्या हेडमध्येच कापलेली असते, तिथे ती रास्त आहे. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये सीटची रिंग वेगळी ठोकलेली असते; ती घट्ट आहे ना, एवढं बघा.

व्हॉल्व्ह घासणं मात्र घरीच करा, त्यात मजा आहे. आधी जाड पेस्ट, मग बारीक. व्हॉल्व्हला चिकटणाऱ्या रबरी टोकाची काठी तळव्यांत धरून रवीसारखी घुसळायची आणि मधूनमधून व्हॉल्व्ह उचलून थोडा फिरवून ठेवायचा. सीटवर सगळीकडून सलग, राखाडी पट्टा उमटला की थांबा. पेस्टचा कण न कण धुऊन काढा. स्प्रिंगा बसवून, प्लग लावून, हेड उलटं ठेवून खळग्यांत डिझेल ओता. पोर्टमधून (हवा-धुराच्या वाटेतून) पाझरलं तर तो व्हॉल्व्ह पुन्हा घासायचा.

बसवताना नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने). आकडा मॅन्युअलमधला, कुणाच्या तोंडचा नाही. टॅपेट लावताना, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाची फट जुळवताना, चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम डुलत (एक मिटत, दुसरा उघडत) असतील तेव्हा पहिल्याचे लावा. गाडी फिरवून आणा, रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी मॅन्युअल सांगत असेल तर नट पुन्हा ताणा. नट ताणले की टॅपेटचं अंतर बदलतं, तेव्हा तेही परत तपासायचं.