मोरचूद घातलं नव्हतं, तरी लाल आला

परवा खड्ड्यात मातीची भांडी भाजली, त्या भाजणीतला लाल रंग डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

नाशिकजवळ गिरणाऱ्याकडे माझं छोटं वर्कशॉप आहे. लोकांना वाटतं खड्ड्यात भांडी पुरली, आग लावली, झालं. पण खरी मेहनत आधीच होते, अर्धवट सुकलेलं भांडं गारगोटीने घोटायचं, एकेकाला तास-दीड तास जातो, मग इलेक्ट्रिक भट्टीत ९०० डिग्रीच्या आसपास बिस्क, म्हणजे पहिली भाजणी, फार वर नेलं तर घोटलेली चमक जाते. मग खड्डा. तळाला लाकडाचा भुसा, त्यात खडेमीठ, मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), तांबट आळीतून आणलेला तांब्याचा कीस, वर शेणी आणि लाकडं. मिठाने पिवळसर केशरी छटा येते, तांब्याने लाल-मरून, तेच तांबं मोकळी हवा मिळाली की हिरवं पडतं, आणि धूर कोंडला तिथे काळं.

यावेळी ऑर्डर दिलेल्या पार्टीला लाल नकोच होता, फक्त केशरी आणि काळा. म्हणून मी नुसतं मीठ घातलं. अवकाळीने आंब्याची लाकडं भिजलेली, तर शेजारच्या मळ्यातल्या दादांनी द्राक्षाच्या खरड छाटणीच्या वाळलेल्या काड्या दिल्या. भांड्यांच्या एका बाजूने त्या रचल्या. भसकन पेटल्या, निखारे झाले तशी खड्ड्यावर पत्रे टाकले.

सकाळी पार्टी आली आणि मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात त्यांनी पत्रा उचलला. आत अजून धग होती. टण्ण असा आवाज आला, दोन भांडी तडकली. घाई करणाऱ्या माणसाला खड्ड्याजवळ उभंच करू नये हे माझं ठाम मत झालंय.

दुपारी बाकीची काढली तर चौदातल्या नऊ भांड्यांच्या खांद्यावर गडद लाल, ओल्या विटेसारखा. मी दादांना दाखवलं, ते लगेच म्हणाले, "ताई, बागेला बोर्डो मारतो ना आम्ही." बोर्डो म्हणजे बुरशीवर फवारतात ते मोरचूद आणि चुना! काड्यांच्या सालीवर तांबं बसलेलंच होतं आणि मी मास्क न लावता तो धूर घेत उभी होते, मोरचूद वापरते तेव्हा एकदाही मास्क विसरत नाही. वहिनींनी भांडी घासायला राख मागितली, ती दिली नाही, त्या जरा रुसल्यात.

पण खात्री कुठेय? तीन वर्षं याच खड्ड्यात तांबं जळलंय, तिथल्या मातीत उरलेलं तांबं मिठाबरोबर वाफ होऊन वर आलं असेल का? तसं असतं तर तळाकडे जास्त लाल हवा होता, आणि इथे तर काड्या टेकलेल्या बाजूलाच आहे. तरी वाफ कुठून कशी फिरते ते पत्र्याखाली दिसत नाही ना.

काल पलीकडे, जिथे कधीच आग लागली नाही तिथे, नवा खड्डा खणायला घेतलाय. उरलेल्या काड्यांच्या दोन मोळ्या ताडपत्रीखाली ठेवल्यात, पार्टीला तारीख सांगितलेली नाही.