जपान विहिरीकडे, युरोप आंब्याकडे

अण्णांचा रेडिओ टॉवर पडला त्यावर मी आजवर काही लिहिलं नाही. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी विचारतात तेव्हा ‘निसर्ग वादळात गेला’ एवढं सांगून विषय बदलते. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. आज सविस्तर लिहिते.

माझे वडील मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. जहाजावर त्यांना मार्कोनीसाहेब म्हणत, आणि पुढे गावातही तेच नाव पडलं. १९९४ साली ते कायमचे घरी आले. उपग्रहाची यंत्रणा आली होती, जहाजांना मोर्सवाल्या माणसाची गरज उरत नव्हती. येताना त्यांनी रेडिओ रूममधलं भिंतीवरचं घड्याळ आणलं. त्याच्या तबकडीवर पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस मिनिटांच्या जागी लाल पट्टे आहेत. त्या तीन-तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर कुणी काही पाठवायचं नाही, फक्त ऐकायचं. बुडत्या जहाजाची बारीकशी हाक गोंगाटात हरवू नये म्हणून. घरी जेवतानासुद्धा काटा लाल पट्ट्यात शिरला की अण्णा आपोआप गप्प व्हायचे. आईचा भात वाढायचा हातही थांबायचा.

मला मोर्स त्यांनीच शिकवलं, तोंडाने. ‘डा-डी-डा-डी’ करत आम्ही सुपाऱ्या सोलायचो. बोरिवलीला जाऊन मी परीक्षा दिली, लायसन आलं, आणि एका घरात दोन व्हीयू-टू झाले. हॅमच्या कॉलसाइनची, म्हणजे हवेतल्या नावाची, ही आपल्याकडची सुरुवात.

१९९८ च्या फेब्रुवारीत आमच्या वाडीत टॉवर उभा राहिला. दहा-दहा फुटांचे सहा तुकडे, साठ फूट उंच. वरची अँटेना अण्णांनी स्वतः बनवली. वीस मीटर लांबीच्या लहरींच्या बँडसाठी यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना. तीस फुटांचा बूम, म्हणजे कणा, त्यावर चार एलिमेंट, म्हणजे आडव्या नळ्या, एकेक पस्तीस फुटांच्या आसपास. अॅल्युमिनियमच्या नळ्या मुंबईहून एसटीच्या टपावर आल्या, केबल लॅमिंग्टन रोडवरून. जाड नळीत बारीक नळी, तिच्यात आणखी बारीक, आणि प्रत्येक सांध्यावर होज क्लिप. अंगणात ती जोडून ठेवली तेव्हा अंगणात चालायला जागा उरली नाही.

फिरवायला मोटर नव्हती. मधल्या पाइपाला आडवा दांडा, दांड्याला दोन दोर, दोर खाली जमिनीपर्यंत. एक दोर आंब्याला आवळला की अँटेनाचं तोंड वायव्येला, म्हणजे युरोप. दुसरा विहिरीच्या रहाटाला बांधला की ईशान्य, म्हणजे जपान. आई हाक मारायची, “अहो, दोर सोडा, पाणी काढायचंय.” मग अण्णा समोरच्या जपानी माणसाला ‘थांबा जरा’ असं कळवून बाहेर धावायचे.

२००४ च्या डिसेंबरात याच अँटेनावर आम्ही अंदमान ऐकलं. भारती प्रसाद यांची टोळी पोर्ट ब्लेअरहून व्हीयू-फोर-आरबीआय या कॉलसाइनवर बोलत होती, आणि अख्खं जग तुटून पडलं होतं. अण्णांचा नंबर लागला त्या दिवशी आईने शिरा केला. २६ तारखेला सुनामी आली. ज्या रेडिओवर छंद म्हणून बोलणं चाललं होतं, त्याच रेडिओवर भारतीताई आणि त्यांचे सोबती सुखरूप असलेल्यांचे निरोप पोहोचवू लागले. अण्णा दिवसदिवस नुसते ऐकत बसले होते. मध्ये बोलू नये, वाट मोकळी ठेवावी, हे त्यांच्या हाडात होतं.

आणखी एक आठवण इथेच सांगते, कारण पुढे तिचं काम आहे. २०१० च्या एप्रिलमध्ये पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीवरून तिथल्या हॅमांनी चंद्रावर ४३२ मेगाहर्ट्झचा सिग्नल सोडला. चंद्रावर आपटून परत येणारा तो आवाज कित्येकांनी साध्या लहान अँटेनांवर ऐकला, कारण पलीकडची बशी ३०५ मीटरची होती. अण्णांनी तयारी म्हणून छोटी यागी वळलीसुद्धा. मग कागदावर हिशेब मांडला आणि पेन्सिल खाली ठेवली. अरेसिबोची बशी जमिनीत बसवलेली, चंद्र माथ्याजवळ आला तरच तिला तो दिसणार. आणि तिथे तो माथ्यावर येईपर्यंत आपल्याकडे द्वितीयेची कोर केव्हाच समुद्रात बुडालेली. “पृथ्वी मध्ये येते गं,” असं म्हणून ते ओसरीवर जाऊन बसले.

२०१६ साली अण्णा गेले. टॉवर माझ्याकडे आला.

साठ फुटी टॉवर स्वतःच्या पायावर उभा राहत नाही, त्याला ताण लागतात. आमच्या टॉवरला तीन दिशांना तीन खुंटे होते. प्रत्येक खुंट्याला दोन तारा, एक तीस फुटांवरून आलेली, एक शेंड्याजवळून. प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला टर्नबकल, तार ताणायला आणि सैल करायला. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, म्हणून दर वर्षी पावसाच्या आधी अण्णा सहाही टर्नबकल उघडून, पुसून, ग्रीस भरून परत बसवायचे. तारेचं दुमडलेलं टोक आवळणारी क्लिप गंजली असेल तर नवी. नवी क्लिप लावताना प्रत्येक वेळी मला बजावायचे की यू-बोल्ट मोकळ्या टोकाकडे आणि खोगीर ताण असलेल्या तारेवर, नाहीतर बोल्ट तारेलाच चावतो.

मी ग्रीस लावत होते. उघडत नव्हते. वरून दिसणाऱ्या आट्यांना बोटाने ग्रीस फासायचं आणि पुढे जायचं, असं तीन वर्षं चाललं. २०२० च्या फेब्रुवारीत पश्चिमेच्या, समुद्राकडच्या वरच्या तारेचा टर्नबकल फिरेना. मी लॉगबुकात लिहून ठेवलं, ‘प. वरचा ट.ब. घट्ट, एप्रिलमध्ये बदलणे’. त्या पानावर माझंच अक्षर आहे. मार्चअखेर लॉकडाउन लागला, दुकानं बंद, वर चढणारा माणूस त्याच्या गावात अडकलेला. पण टर्नबकल जमिनीवरून बदलता येतो. दुसरा दोर बांधून ताण तात्पुरता धरायचा, की झालं. मला ते येत होतं.

२ जूनला वादळ अलिबागच्या जवळपास येणार हे पक्कं झालं. संध्याकाळी मी अँटेना बांधून ठेवली. वारा दक्षिणेकडून येईल असं धरून एलिमेंटची टोकं दक्षिणोत्तर केली, म्हणजे वाऱ्याला नळीचं नुसतं टोक लागेल. दोन्ही दोर आवळले. तेवढं बरोबर होतं.

३ तारखेला सकाळी वारा दक्षिणेचाच होता आणि टॉवर नुसता गुणगुणत होता. दुपारी वादळ आमच्या उत्तरेला, मुरुडच्या बाजूने जमिनीवर चढलं आणि वारा फिरला. पश्चिमेचा झाला, सरळ समुद्रावरून. ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटर, झोत एकशे वीसचे, असं नंतर हवामान खात्याने सांगितलं. चारही एलिमेंट आता वाऱ्याला आडवे, पूर्ण लांबीने. दोर सोडायला बाहेर जाणं शक्यच नव्हतं, कौलं उडत होती. सुपाऱ्या एकामागून एक काडकाड मोडत होत्या. आमच्याकडची श्रीवर्धनी रोठा सुपारी, आजोबांनी लावलेली. त्या आवाजात एक वेगळा आवाज आला. तार सुटल्यावर हवेत फिरते तसा लांब शीळ घातल्यासारखा, आणि मग घर हाललं.

खालची तार टिकली होती, म्हणून टॉवर मुळापासून उपटला नाही. तीस फुटांवर गुडघ्यात मोडावा तसा मोडला, आणि वरचा अर्धा भाग पूर्वेला पडलेल्या सुपाऱ्यांवर आला. बूम मातीत दोन हात घुसला होता. गोठा सहा-सात फुटांवरून वाचला. म्हशी आत होत्या.

दुसऱ्या दिवशी चिखलात शोधून मी तो टर्नबकल काढला. आजही तो माझ्या टेबलावर असतो. बाहेरून बघाल तर ठीकठाक, माझं पिवळं ग्रीस अजून चिकटलेलं. मोडलेलं तोंड बघा. आट्या जिथे आत शिरतात, जिथे ग्रीस कधी पोहोचलंच नाही, तिथे लोखंड काळं-तांबूस, पापुद्र्यांचं, जुनं. आणि एका कडेला चंद्राच्या कोरीएवढा चकचकीत ताजा तुकडा. ३ जूनला एवढंच लोखंड मोडलं. बाकीचं आधीच गेलेलं होतं.

वीज नव्हती, मोबाइल मुके, रस्त्यांवर झाडं. अण्णांचं घड्याळ चावीचं, ते चालू होतं. मी लॉफ्टवरून तांब्याची तार काढली, दहा मीटर इकडे, दहा मीटर तिकडे, चाळीस मीटर बँडचा साधा डायपोल. नारळ पाडणारा तोवर गावात परतला होता, त्याने मधला भाग उभ्या राहिलेल्या नारळावर बांधून दिला. शेजारच्या काकांनी टेम्पोची बॅटरी काढून आणली. ४ तारखेच्या संध्याकाळी पुण्याच्या एका स्टेशनने माझी हाक ऐकली. त्या माणसाने कागद-पेन घेतलं आणि मी नावं, फोन नंबर आणि निरोप सांगत गेले. काकांचा निरोप त्यांच्या मुंबईतल्या मुलासाठी होता, “छप्पर गेलं. माणसं आहेत.” अंगणात रांग लागली होती. काटा लाल पट्ट्यात आला की मी माइक खाली ठेवून ऐकत होते. चाळीस मीटरवर तसा नियम नाही, पण मला दुसऱ्या पद्धतीने काम करताच आलं नसतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बातमी आली की अरेसिबोची एक जोड-तार सॉकेटातून निसटली आणि खालची बशी फाटली. मी पुन्हा पुन्हा ते फोटो बघितले. तिथेही तीनच मनोरे, त्यांच्या तारांवर बशीच्या वर नऊशे टनांचा मंच टांगलेला. नोव्हेंबरमध्ये त्याच मनोऱ्याची एक मुख्य तार तुटली. दुरुस्ती धोक्याची म्हणून दुर्बीण बंद करायचं जाहीर झालं, आणि १ डिसेंबरच्या सकाळी उरलेल्या तारा गेल्या. ड्रोनने टिपलेला तो व्हिडिओ आहे. तारेचे बारीक धागे आधी एकेक करून सुटतात, थोडीशी धूळ उडते, आणि मग सगळंच खाली येतं. मी घरात एकटी होते, मोठ्याने रडले. जोसेफ टेलर आणि रसेल हल्स यांना जोडीने फिरणारा पल्सार, म्हणजे ठोक्याठोक्याने रेडिओ लहरी सोडणारा तारा, त्या बशीतच सापडला, १९९३ चं नोबेल त्यासाठी मिळालं. टेलर स्वतः हॅम. आज आमच्यापैकी निम्मे लोक ज्या एफटी-एटवर, म्हणजे संगणकाने निरोप पाठवायच्या पद्धतीवर, बोलतात ते त्यांनी आणि स्टीव्ह फ्रँके यांनी लिहिलेलं. आणि माझ्यासाठी ती अण्णांनी कागदावर गाठलेली, पण कधीच ऐकायला न मिळालेली अँटेना होती.

नंतर चौकशीचे अहवाल आले, ते मी डिक्शनरी घेऊन वाचले. तारांची टोकं जस्त ओतून सॉकेटात बसवलेली होती, ती हळूहळू बाहेर सरकत होती. काही ठिकाणी इंचाहून जास्त. २०१७ च्या मारिया वादळानंतर ते दिसलं होतं, नोंदलंही गेलं होतं. ‘नोंदलं होतं’ या ओळीशी मी थांबले आणि माझं लॉगबुक काढून फेब्रुवारीचं पान उघडलं.

सुपारी परत लावलीय, रोठाच, अजून वेळ आहे तिला. टॉवरचा खालचा तीस फुटांचा भाग सरळ निघाला, तोच नव्या पायावर उभा केलाय. अण्णांच्या एलिमेंटमधल्या न वाकलेल्या नळ्या वेचून दोन एलिमेंटची यागी झाली. टर्नबकल स्टेनलेसचे घेतले, आणि दर मे महिन्यात सहाही पूर्ण उघडून, आतला बोल्ट उजेडात फिरवून बघते.

युरोपचा आंबा त्या वादळातच पडला. त्या दिशेला अजून खुंटा पुरायचाय. रहाट मात्र शाबूत आहे. गेल्या रविवारी दोर त्याला बांधला, आणि पावणेसहानंतर काटा लाल पट्ट्यातून बाहेर पडता पडता ओसाकाच्या एका आजोबांचं मोर्स आलं, सावकाश, हाताने वाजवलेलं.