रोमानियन इंग्रजी वाचताना

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी निर्यातीचे काम पाहतो. आमच्या कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा, एक ग्राहक रोमानियात आहे आणि त्याच्याशी होणारा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो, म्हणजे ना त्यांच्या भाषेत, ना आमच्या. या पत्रव्यवहारामुळे रोमानियन माणसे इंग्रजी शब्द कोठे चुकतात याचा मला बऱ्यापैकी अंदाज आला आहे. इंग्रजी चुकते म्हटले की आपल्याकडे काळाची किंवा शब्दयोगी अव्ययाची चूक डोळ्यांसमोर येते. या मंडळींचे तसे नाही. त्यांचे व्याकरण सहसा नीट असते, वाक्यही सफाईदार असते, आणि त्यातला एखादाच शब्द भलत्या अर्थाने आलेला असतो. व्याकरण चुकले तर वाचणारा लगेच सावध होतो. येथे सावध व्हावे असे काही दिसतच नाही.

‘अ‍ॅक्चुअल ड्रॉइंग’चेच पाहा. एका हाउसिंगच्या कास्टिंगसाठी त्यांचा निरोप आला की कृपया अ‍ॅक्चुअल ड्रॉइंग वापरावे. आमच्या पॅटर्न शॉपने त्याचा अर्थ ‘खरे, मूळ ड्रॉइंग’ असा लावला आणि फाइलमधून सही-शिक्क्याचे पहिले ड्रॉइंग बाहेर काढले. रोमानियन भाषेत ‘आक्तुआल’ म्हणजे सध्याचा, आत्ता चालू असलेला. त्यांना नवी रिव्हिजन वापरायला हवी होती, जिच्यात फ्लँजची जाडी बदललेली होती. सॅम्पलच्या वेळी गेज लावताना हा घोटाळा उघड झाला म्हणून बरे, नाही तर अख्खा लॉट भंगारात गेला असता. इंग्रजी जाणणाऱ्या तिसऱ्या कोणी तो निरोप वाचला असता तरी त्याला त्यात काही खटकले नसते, हे विशेष.

‘इव्हेन्चुअली’ हा शब्द याहूनही त्रासाचा आहे. त्यांचे पत्र येते की शरद ऋतूत आम्हाला इव्हेन्चुअली आणखी ८०० नग लागतील. इंग्रजीत याचा अर्थ ‘आज ना उद्या, पण लागतीलच’ असा होतो, आणि त्या भरवशावर आमच्याकडे कच्च्या मालाची आखणी सुरू होते. रोमानियन ‘एव्हेन्तुआल’ मात्र ‘कदाचित, तशी वेळ आलीच तर’ एवढेच सांगतो. एका बाजूची शक्यता दुसऱ्या बाजूला पोहोचेपर्यंत खात्री झालेली असते. खरेदी विभागाला हा फरक समजावून सांगणे सोपे नाही, कारण शब्दकोशात त्यांचेच बरोबर निघते.

तक्रारींच्या पत्रव्यवहारात तर या शब्दांमुळे माणसे दुखावतात. त्यांच्याकडून ‘रेक्लमेशन’ आले म्हणजे समुद्र हटवून जमीन तयार करण्याचा मुंबईतला प्रकार नव्हे, तर साधी तक्रार. रोमानियनमध्ये तक्रारीला ‘रेक्लामात्सिए’ म्हणतात. त्या तक्रारीत पुढे असे वाक्य होते की आमचा अंतिम ग्राहक ‘प्रिटेंड’ करतो आहे की बोअर, म्हणजे भागातले गोल भोक, लहान आहे. आमच्या क्वालिटीच्या साहेबांनी हे वाचून विचारले की ग्राहक सोंग करतो आहे हे यांना ठाऊक असेल, तर रिजेक्शन आमच्या माथी का मारतात? प्रश्न रास्तच होता. ‘प्रेतिंदे’ या रोमानियन क्रियापदाचा अर्थ दावा करणे, म्हणणे मांडणे असा आहे, आणि त्यात खोटेपणाचा आरोप असतोच असे नाही. सोंग करण्यासाठी त्यांच्याकडे वेगळे क्रियापद आहे.

‘कंट्रोल’ची गोष्ट जरा बारकाईने सांगण्यासारखी आहे. प्रत्येक नगाच्या बोअरचे शंभर टक्के कंट्रोल हवे, अशी त्यांची अट होती. आमच्याकडे कंट्रोल म्हणजे ताबा, आटोक्यात ठेवणे. म्हणून आम्ही मशीन शॉपमध्ये ठरावीक नगांनंतर माप घेऊन तक्ता भरू लागलो आणि प्रक्रिया कशी काबूत आहे याचे आलेख त्यांना पाठवू लागलो. त्यांना हवी होती तपासणी, एकूण एक नगाची. रोमानियनमध्ये ‘कोन्त्रोल’चा नेहमीचा अर्थ तपासणी हाच आहे, आणि तेथे बसमध्ये तिकीट तपासायला येणारा माणूस ‘कोन्त्रोलोर’ असतो. आपल्या एसटी स्टँडवरचा कंट्रोलर गाड्यांच्या नोंदी करतो आणि तिकिटे पाहायला चेकर येतो, एवढे सांगितल्यावर आमच्या सुपरवायझरला हा फरक कायमचा समजला.

बाकीचे शब्द लवकर उरकता येतील. आमचा अभियंता इन्स्पेक्शनला ‘असिस्ट’ करील, असे त्यांनी लिहिले तर तो मदत करणार नसून नुसता हजर राहणार आहे. पृष्ठभाग ‘सेन्सिबल’ आहे म्हणजे तो नाजूक आहे. तुमची माणसे ‘सिंपथेटिक’ आहेत म्हणजे ती लाघवी आहेत, त्यांना कोणाचा कळवळा आला आहे असे नव्हे. ‘मागाझिन’ म्हणजे दुकान आणि ‘लिब्ररिए’ही दुकानच, फक्त पुस्तकांचे, त्यामुळे एखाद्या रोमानियन पाहुण्याने लायब्ररीतून पुस्तक विकत घेतले असे सांगितले, तर करवीर नगर वाचन मंदिराच्या सभासदाने दचकू नये. आणि कोल्हापुरी गुळाच्या पाकिटावर इंग्रजीत ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असे छापलेले असते, ते रोमानियात पाठवायचे झाल्यास तेथील भाषेत नीट लिहून घ्यावे, कारण ‘प्रेझेर्वातीव’ हे तेथे कुटुंबनियोजनाच्या साधनाचे नाव आहे.

हे असे का होते, याचे उत्तर इतिहासात आहे. रोमानियन ही लॅटिनपासून निघालेली भाषा आहे. रोमन सम्राट ट्राजानने इसवी सन १०६ मध्ये डॅशिया हा प्रदेश जिंकला, तेथून तिची कहाणी सुरू होते. मधल्या शतकांत तिच्यात स्लाव्हिक शब्दांची मोठी भर पडली आणि लिहिण्यासाठी सिरिलिक लिपी आली. या भाषेतला आज उपलब्ध असलेला, तारीख खात्रीने सांगता येणारा सर्वांत जुना मजकूर १५२१ सालचा आहे, आणि तो एका व्यापाऱ्याचे पत्र आहे. कंपुलुंगच्या न्याक्शू नावाच्या व्यापाऱ्याने ब्राशोव्हच्या नगरप्रमुखाला तुर्कांच्या हालचाली कळवण्यासाठी ते लिहिले होते. पत्रव्यवहारावर पोट असलेल्या माझ्यासारख्याला याचे थोडे कौतुक वाटते. पुढे एकोणिसाव्या शतकात लिपी बदलून लॅटिन झाली आणि शिकलेल्या लोकांनी फ्रेंचमधून, काही प्रमाणात इटालियनमधूनही, शब्दांची भरघोस आयात केली. वर आलेले अनेक शब्द असे नव्याने आलेले आहेत आणि त्यांनी फ्रेंच अर्थ बराचसा जसाच्या तसा राखला आहे. इंग्रजीने आपला वाटा त्याच्या शेकडो वर्षे आधीपासून उचलला होता आणि तेवढ्या काळात त्या शब्दांचे अर्थ तिकडे सरकत गेले. मूळ एक, वाटा वेगळ्या.

मराठी वाचकाला हे नवे नाही. संशोधन म्हणजे आपल्याकडे नवे ज्ञान शोधणे, तर हिंदीत घटनेचे संशोधन म्हणजे घटनादुरुस्ती. हिंदीतला ‘उपन्यास’ म्हणजे कादंबरी. कागल ओलांडून कर्नाटकात गेले की कन्नडमध्ये ‘उपन्यास’ म्हणजे व्याख्यान होते, आणि कादंबरीला मात्र कन्नड माणूसही कादंबरीच म्हणतो. संस्कृतचा वारसा वाटून घेतलेल्या भाषांमध्ये जे घडते, तेच लॅटिनचा वारसा वाटून घेतलेल्यांमध्ये घडते. फरक इतकाच की इंग्रजीच्या बाबतीत आपण या वारसदारांत नाही. मराठी माणूस ‘इव्हेन्चुअली’ चुकला तर तो शब्द ठाऊक नाही म्हणून चुकतो. रोमानियन माणूस तो शब्द फार ओळखीचा वाटतो म्हणून चुकतो. त्यामुळे ही चूक करणारा भाषेत कच्चा असतो असे मुळीच नाही. उलट ज्यांचे वाचन चांगले आहे आणि ज्यांना भारदस्त लिहायची सवय आहे, त्यांच्याच पत्रांत हे शब्द जास्त सापडतात.

दुसऱ्या प्रकारच्या चुकांमध्ये मात्र कोल्हापूर आणि रोमानिया यांचे चांगले जमते. त्या ठिकाणी मराठी आणि रोमानियन दोन्हींचे एकाच शब्दाने भागते आणि इंग्रजीला दोन लागतात. शुक्रवारपर्यंत पाठवा, असे आपण म्हणतो, आणि शुक्रवारपर्यंत थांबा, असेही म्हणतो. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘बाय’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘अंटिल’ लागतो. रोमानियनमध्ये दोन्हीकडे मराठीसारखा एकच शब्द आहे, त्यामुळे ‘सेंड अंटिल फ्रायडे’ असे ते लिहितात आणि आमच्याकडे ते कोणालाही चुकलेले वाटत नाही. शुक्रवारच्या आत कागद रवाना होतात. इंग्लंडमधल्या माणसाला मात्र प्रश्न पडेल की शुक्रवारपर्यंत रोज पाठवत राहायचे आहे की काय.

शरीराच्या अवयवांचेही तसेच. आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत असतो, रोमानियनांचाही तसाच. आपला पाय कमरेपासून खाली सगळाच, त्यांचाही. हाताला बोटे असतात तशी पायालाही बोटे असतात. त्यांच्याकडेही दोन्हींना ‘देजेत’च म्हणतात आणि गरज पडली तर ‘पायाचे’ असे जोडतात. त्यांच्या सुरक्षा नियमावलीत सेफ्टी शूज ‘पायाच्या फिंगर’चे रक्षण करतात असे वाक्य होते आणि आमच्या शॉप फ्लोअरवर ते सगळ्यांना एका झटक्यात कळले. घड्याळ मनगटावरचे असो वा भिंतीवरचे, दोन्ही भाषांत एकच. सावली झाडाची असो वा माणसाची, तीही एकच. टीव्ही आपण बंद करतो आणि दारही बंद करतो. रोमानियनमध्येही त्यासाठी एकच क्रियापद चालते, म्हणून दोघांच्याही इंग्रजीत टीव्ही ‘क्लोज’ होतो. ‘अ‍ॅडव्हाइसेस’ आणि ‘इन्फर्मेशन्स’ ही अनेकवचने दोन्हीकडे सारख्याच उत्साहाने लिहिली जातात.

बसचे मात्र जमत नाही. आपली बस चुकते, त्यांची हरवते. ‘आय लॉस्ट द ट्रेन’ हे वाक्य फोनवर ऐकल्यावर आमच्या डिस्पॅचच्या मुलाला पहिल्यांदा वॅगन हरवल्याचाच संशय आला होता.

या सगळ्यातला माझा सर्वांत आवडता गुंता परीक्षेचा आहे. रोमानियात बारावी संपली की ‘बाकालाउरेआत’ नावाची परीक्षा असते, आणि तिच्यात उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात दहापैकी किमान पाच आणि एकूण सरासरी किमान सहा गुण लागतात. आमच्या ओळखीच्या बाईंनी पत्राच्या शेवटी लिहिले की त्यांच्या मुलाने ही परीक्षा ‘टेक’ केली. इंग्रजीप्रमाणे याचा अर्थ तो परीक्षेला बसला, एवढाच. मराठीत परीक्षा देतो तो विद्यार्थी आणि घेतो तो मास्तर, त्यामुळे आमच्या कार्यालयात एकाला तो मुलगा शिक्षक असल्याचे वाटले. रोमानियन माणूसही परीक्षा ‘देतो’, अगदी आपल्यासारखाच. पण परीक्षा ‘घेणे’ म्हणजे त्यांच्याकडे ती उत्तीर्ण होणे. बाईंनी पेढे वाटण्याजोगी बातमी दिली होती आणि आमच्याकडून उत्तर गेले की निकालासाठी शुभेच्छा.

यावरून माझे मत असे झाले आहे की शब्द चुकल्याने फारसे बिघडत नाही. दोघेही एकाच रीतीने चुकत असतील, तर काम उलट सुरळीत होते. नुकसान होते ते दोघांच्या चुका वेगवेगळ्या दिशेच्या असतील तेव्हा, किंवा एकाने शब्दकोश उघडून बरोबर अर्थ लावला असेल तेव्हा. आमच्या बाजूचेही काही शब्द त्यांना छळतात. कोल्हापुरात जेवायला आपण हॉटेलात जातो. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी हॉटेलात चला, असे पाहुण्या अभियंत्याला म्हटल्यावर तो नम्रपणे म्हणाला की माझे हॉटेल आधीच आरक्षित आहे. याउलट आपल्या कार्यालयांतला ‘आय विल रिव्हर्ट’ हा प्रयोग, ज्याला इंग्रज माणूस नाक मुरडतो, तो त्यांना विनासायास कळतो, कारण पुन्हा उत्तर देतो हे सांगायला तेही ‘परत येतो’ अशा अर्थाचेच क्रियापद वापरतात.

आता आम्ही ऑर्डरच्या कागदांवर काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. ड्रॉइंगला कोणतेही विशेषण न लावता रिव्हिजनचा क्रमांक आणि तारीख लिहायची, ‘पर्यंत’ऐवजी पुण्याच्या गोदामातून माल निघण्याची तारीख लिहायची, आणि कंट्रोल हा शब्द दोन्ही बाजूंनी सोडून द्यायचा. ‘ऑफर’चे अजून ठरलेले नाही. त्यांना त्या शब्दातून कोटेशन हवे असते आणि आमच्या नव्या मुलांना तो ऐकला की दर किती कमी करायचा हे विचारायची घाई होते.