आमची वाटचाल : बुडबुडा, ऊन आणि काळी माती

सोलापुरात आमच्या कामाची सुरुवात लेथ आणि यंत्रमागांचे बेड पातळीत बसवून देण्यापासून झाली. त्या कामाच्या स्पिरिट लेव्हलवर बुडबुडा एक रेघ सरकला की मीटरमागे ०.०२ मिमी फरक, म्हणजे २० मायक्रोरेडियन कल. एक किलोमीटर लांबीच्या पट्टीचं एक टोक १ मिमी उचललं तर होतो तो १ मायक्रोरेडियन. पुढे पुलाचे खांब, उंच टाक्या, जुन्या इमारती यांचा कल मोजणारी उपकरणं करायला घेतली, तीही याच बुडबुड्याचा माग काढत.

आमच्या पहिल्या कलमापकात काचनळी तीच, पण आत वीजवाहक द्रव आणि प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड. नळी कलली की बुडबुडा सरकतो, एका बाजूचा रोध वाढतो, दुसऱ्या बाजूचा कमी होतो. हा फरक ब्रिज सर्किटने (दोन रोधांची तुलना करणाऱ्या जोडणीने) मोजायचा. इथे डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) चालत नाही, एसीच (दिशा बदलत राहणारी) द्यावी लागते. त्या एसीत थोडा जरी डीसी शिरला तरी द्रवाचं विघटन सुरू होतं आणि आकडा हळूहळू एकाच दिशेला सरकत राहतो. इमारत खचतेय असं वाटतं, खरं तर नळी मरत असते. म्हणून नळीच्या वाटेवर आम्ही डीसी अडवणारा कपॅसिटर टाकतोच. आता बरीच कामं मेम्स चिपवर (सिलिकॉनमध्ये कोरलेल्या सूक्ष्म यांत्रिक संवेदकावर) होतात. तिला द्रवाची भानगड नाही, पण १ मायक्रोरेडियनसाठी तिला गुरुत्वाकर्षणाचा दहालाखावा भाग ओळखावा लागतो.

कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरणाचा आकडा खरा आहे का ते पडताळणं, समजायला सोपं आहे. एक मीटर अंतरावर दोन टेकू असलेला बीम घ्यायचा, त्यावर उपकरण ठेवायचं आणि एका टेकूखाली ०.१ मिमीची स्लिप गेज (अचूक जाडीची पट्टी) सरकवायची. आकडा १०० मायक्रोरेडियनने बदलला पाहिजे. वहीचा कागद साधारण तेवढाच जाड असतो. गिऱ्हाइकाला दाखवायला आम्ही कागदच ठेवतो.

कोन मोजणं जमलं तरी उन्हाचा हिशेब लागेपर्यंत बराच काळ गेला. मे महिन्यात इथली हवाच ४४ अंशांवर जाते, उन्हातली उपकरणाची बंद पेटी ६० सहज गाठते. द्रव फुगतो, बुडबुडा लहान होतो आणि तेवढ्याच कलाला वेगळा आकडा येतो. म्हणून प्रत्येक नळी ओव्हनमध्ये वेगवेगळ्या तापमानांना तपासून तिचा तक्ता काढतो, आणि पेटीत तापमान मोजणारा थर्मिस्टर असतोच.

उपकरण भिंतीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटनेही आम्हाला बरंच शिकवलं. ॲल्युमिनियमचे ५० मिमी लांबीचे दोन पाय, एकमेकांपासून १०० मिमीवर. एका पायावर ऊन पडून तो फक्त १ अंश जास्त तापला की १.१५ मायक्रॉन लांबतो, आणि उपकरण साडेअकरा मायक्रोरेडियन कललेलं दिसतं. भिंत जागची हललेली नसते! आता ब्रॅकेट पोलादी, पाय जमतील तेवढे आखूड आणि वर पांढरं छत्र, तेही पेटीला न चिकटवता.

बसवताना गिलाव्यावर कधीच बसवायचं नाही. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहायचं; पोकळ वाजलं की गिलावा उतरवून काँक्रीटपर्यंत जायचं. एम-१० केमिकल अँकरला (इपॉक्सीने भोकात चिकटवायच्या १० मिमीच्या बोल्टला) १२ मिमीचं भोक पाडायचं आणि ब्रश व फुंकणीने धूळ पूर्ण काढायची. धूळ राहिली की इपॉक्सी काँक्रीटऐवजी धुळीला चिकटतं. इपॉक्सी बसेपर्यंतचे आकडे जमेस धरायचे नाहीत. पहिले दोन आठवडे आम्ही सोडून देतो.

जमिनीवरचं काम आणखी अवघड. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर ठेवलेलं उपकरण फक्त ऋतू मोजतं. ती पूर्ण उपसून, मुरूम ओलांडून, खडकावर काँक्रीटचा ओटा करावा लागतो. गिऱ्हाईक खर्चाला कुरकुरतं, पण याला पर्याय नाही.

आलेख वाचणं ही तर निराळीच विद्या. सकाळी पूर्वेची बाजू तापून लांबते आणि खांब पश्चिमेला झुकतो, दुपारनंतर उलट. म्हणून आम्ही पहाटे पाचचे आकडे एकमेकांशी ताडतो. पाण्याच्या टाकीला भरण्या-रिकामं होण्याचा झोकही असतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाणी सोडायचा दिवस आलेखावरूनच कळतो. इमारतीच्या दोन खांबांमधल्या असमान खचण्याला अभियंते १/५०० ची जुनी मर्यादा लावतात, म्हणजे २००० मायक्रोरेडियन. रोजची १००-१५० मायक्रोरेडियनची लाट पाहून घाबरायचं कारण नाही. पहाटेची रेघ मात्र आठवड्यामागून आठवडा एकाच दिशेला चालली तर आम्हाला फोन करा.

त्याआधी एक तपासणी तुम्हीच करू शकता. हातात धरून वापरायचं उपकरण टिल्ट प्लेटवर (इमारतीवर कायमच्या बसवलेल्या चकतीवर) ठेवून आकडा घ्या, मग १८० अंशांत फिरवून पुन्हा घ्या. दोन्हींच्या फरकाचा निम्मा म्हणजे कल, बेरजेचा निम्मा म्हणजे उपकरणाची स्वतःची चूक. बेरीज मागच्या वेळेपेक्षा बदलली असेल तर इमारतीला हात लावू नका, उपकरण आमच्याकडे पाठवा.