सतरा ठसे आणि एक कुत्रं

व्यापाऱ्याने ठसा तळहातावर तोलला अन् म्हणाला, "सतराचे एकदम बोला."

आजोबांचे ओतीव ठसे. खंडोबा, तुळजाभवानी, वीर. खोलगट ठशावर चांदीचा पत्रा, वर शिसं, मग हातोडा, की टाक उमटतो, म्हणजे देव्हाऱ्यात पुजायची देवाची छोटी उठावाची प्रतिमा. आता मशीनचे टाक सगळीकडे मिळतात. परभणीच्या आमच्या दुकानात ठसे तीन वर्षं पोत्यात पडून. पैसे बरे देत होता, खोटं कशाला बोलू.

हो म्हणणारच होतो, तेवढ्यात गल्लीतल्या काकू फडक्यात गुंडाळलेला टाक घेऊन आल्या. खंडोबाचं नाक झिजून सपाट, मागं बसलेली म्हाळसा नुसता उंचवटा. घोड्याखालचं कुत्रं तेवढं शाबूत.

"असाच पाडून दे बापू. कुत्रं डावीकडंच पाहिजे, सासूबाईचा तसाच होता."

ठशात सगळं उलटं असतं, म्हणून कुत्रं उजवीकडे सापडलं. मान वळवून मालकाकडे बघतंय. इतक्या वर्षांत मला दिसलंच नव्हतं.

व्यापाऱ्याला चहा पाजला, उद्या कळवतो म्हणालो. आई म्हणते, "इकून टाक, जागा अडवायलेत नुसते."

तो एक ठसा अजून टेबलावरच आहे. तुमच्या देव्हाऱ्यातले टाक कुणी घडवले, माहिती आहे का?